चार शाळांची हजेरी

सोनखडी उपनगरात पालिकेच्या प्राथमिक शाळा चार. वर्गखोल्या चौतीस, शिक्षक तीस, फळे चौतीस, त्यांतले नऊ तडा गेलेले. पिण्याच्या पाण्याचे नळ एक्केचाळीस, चालू सत्तावीस. पटावरची मुलं: शाळा क्रमांक एकमध्ये चारशे दोन, दोनमध्ये तीनशे बारा, तीनमध्ये दोनशे अठ्ठ्याऐंशी आणि चारमध्ये एकसष्ट. एकूण एक हजार त्रेसष्ट. प्रत्येक शाळेत तीन-तीन दिवस बसून मी हे सगळं स्वतः मोजलं. पटावरचा आकडा आणि बाकांवरचा आकडा वेगळे असू शकतात, हे मला माहीत होतं.

ते माहीत असण्याचं कारण घरातलं होतं. माझी भाची ऋजू पहिलीत असताना एका महिन्यात तिच्या नावापुढे अकरा दिवस 'गैरहजर' लागलं. त्या अकराही दिवशी ती वर्गात होती. नाव पुकारलं की तिचा 'ह' घशात अडकायचा, आणि 'जर' बाहेर पडेपर्यंत बाई पुढच्या नावावर गेलेल्या असायच्या. मुलं हसायची. मग तिने तोंड उघडणंच सोडलं.

तेव्हा मी संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि ताईकडेच राहत होते. अडखळण्यावर मी काय काय वाचून काढलं आणि एक उपाय सुरू केला. रोज सकाळी वेणी घालताना ऋजूने पाढे म्हणायचे, एका श्वासाला एक ओळ. श्वास घ्यायचा, चार मोजायचे, ओळ म्हणायची. पाढे मला आमच्या नानांनी शिकवलेले, त्यामुळे जुन्या पद्धतीचे. तेर साते एक्क्याण्णव, तेर आठे चारोदरसे, तेर नवे सतरोदरसे.

पाढे ती न अडखळता म्हणायची. 'हजर' मात्र तेव्हाही अडकायचंच.

आता ती तिसरीत होती, शाळा क्रमांक दोनमध्ये. गेल्या चौदा महिन्यांत, शाळा चालू असताना, ती एकदाही अडखळली नव्हती. त्याला कारण माझे पाढे नव्हते. कारण होते लयदीप.

*

पालिकेच्या शिक्षण विभागाने मला सहा महिन्यांच्या करारावर घेतलं होतं. चार शाळांची तुलना करून अहवाल द्यायचा, एवढंच काम. प्रशासन अधिकारी देवकुळे साहेबांनी पहिल्याच दिवशी चहा मागवला आणि तुलनेचा निकालही सांगून टाकला.

"चार नंबर दोनमध्ये विलीन करायची, आणि लयदीप एक आणि तीनमध्ये बसवायचे. तक्त्यातून एवढं निघालं की झालं."

"साहेब, अजून मोजलं नाही मी."

"मोजा की! मोजायला कोण नको म्हणतंय? मी फक्त दिशा सांगितली."

लयदीप फक्त शाळा दोनमध्ये होते, प्रयोग म्हणून. दिसायला साधे पांढरे दिवे, छताला लावलेले. प्रत्येकात एक छोटा रडार असतो. मूल श्वास घेतं तेव्हा त्याची छाती काही मिलिमीटर हलते; रडारला तेवढं पुरतं. वर्गातल्या तीस मुलांचे तीस श्वास दिवा एकाच वेळी बघतो. आता, माणूस लक्ष देऊन ऐकतो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या संथ लहरी बोलणाऱ्याच्या लयीशी जुळू लागतात. सगळे एकाच वेळी लक्ष देत असतील, तर सगळ्यांच्या लहरी एकमेकांशीही जुळतात. चांगल्या शिक्षकाच्या वर्गात हे आपोआप घडतं, पण दिवसातून दहा-बारा मिनिटंच. लयदीप ते दिवसभर घडवतो. दिव्याचा प्रकाश अर्ध्या टक्क्याने कमी-जास्त होत राहतो. डोळ्यांना ते जाणवत नाही. श्वासाला मात्र जाणवतं. हळूहळू सगळे श्वास एका पट्टीवर येतात आणि शिक्षकांचं वाक्य तीस मुलांत एकदमच उतरतं.

ऋजूला याचा दुहेरी फायदा झाला होता. अडखळणारा माणूस चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळत नाही, हे फार जुनं निरीक्षण आहे. लयदीपाखाली ऋजू एकटी बोलली, तरी तिच्या शरीराला वाटायचं की आपण सगळ्यांबरोबर म्हणतोय.

*

तुलनेच्या तक्त्यात मी एक रकाना स्वतःचा घातला होता: हजेरीला उत्तर द्यायला लागणारा वेळ. नाव पुकारून संपल्यापासून 'हजर' सुरू होईपर्यंत किती सेकंद. खिशात मावणाऱ्या ध्वनिमुद्रकावर हे सहज मोजता येतं. त्याचा उपयोग काय, असं देवकुळे साहेबांनी विचारलं असतं तर 'मुलांची सावधानता' असं उत्तर तयार ठेवलं होतं.

शाळा चार सोनखडी गावठाणाच्या टोकाला आहे. तीन खोल्या, दोन शिक्षक. मोठे खरात गुरुजी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांची हजेरी म्हणजे बाजारच होता. कुणी "हजर", कुणी "हजर गुर्जी", कुणी "आलोय ना, दिसत नाय का". एक मुलगी नुसता हात वर करायची. खिडकीबाहेर खार बघत बसलेल्या एका मुलाने तीन पूर्णांक एक सेकंदाने मान वळवली आणि विचारलं, "कोण, मी?"

"नाही, ती खार," गुरुजी म्हणाले. "तिचा दाखला आणलाय का?"

वर्ग हसला. मी आकडे लिहिले: किमान ०.२, कमाल ३.१.

तिसरी-चौथीच्या मुलांची मी चाळीस प्रश्नांची चाचणी घेतली. एकोणतीस मुलं बसली. सतरावा प्रश्न होता, तेरा गुणिले नऊ. अठरा जणांचं बरोबर आलं, अकरा चुकले. अकरांच्या अकरा चुका वेगवेगळ्या.

"बघा मॅडम," गुरुजी अभिमानाने म्हणाले, "कुणी कुणाचं बघून लिहिलेलं नाही. आमच्याकडे चूकसुद्धा ज्याची त्याची असते."

मी हसले, पण ते वाक्य टिपून ठेवलं. कॉपी शोधायची रीत नेमकी तीच आहे. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. चूक ज्याची त्याची असते. दोन पेपरांत एकच चूक सापडली, तर ते दोघं शेजारी बसले होते असं समजावं.

*

शाळा दोनमध्ये सगळं नीट होतं. फळे धड, नळ चालू, व्हरांड्यात चपलांच्या सरळ रांगा. हजेरीचा वेळ: किमान ०.२८ सेकंद, कमाल ०.२८ सेकंद. मला वाटलं यंत्र अडकलं. बॅटरी बदलून पुन्हा मोजलं. तेच.

तिसरी-चौथीची एकशे सेहेचाळीस मुलं पाच खोल्यांत बसून चाचणी देत होती. सरासरी एक्क्याण्णव टक्के. बाकीच्या तिन्ही शाळा पंचावन्न ते बासष्टच्या मध्ये होत्या. फक्त सतराव्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांचं चुकलं होतं. एकशे सेहेचाळीस पेपर, सगळ्यांवर एकच आकडा. दोनशे सतरा.

एकशे सेहेचाळीस मुलांना एकमेकांच्या शेजारी बसता येत नाही.

मुख्याध्यापिका नसीमा तांबोळी बाईंना मी विचारलं, तेरचा पाढा कोण शिकवतं.

"पाढे परिपाठाला होतात, सगळी मुलं एकदम." मग त्यांचा चेहरा खुलला. "आणि काय सांगू तुम्हाला, मुलं 'तेर नवे सतरोदरसे' म्हणतात! आमचे अब्बा असेच म्हणायचे. या पोरांनी ते कुठून उचललं देव जाणे. आमच्या एकाही शिक्षिकेला येत नाही."

मी व्हरांड्यातून जाणाऱ्या चौथीतल्या एका मुलाला थांबवलं. "सतरोदरसे म्हणजे किती रे?"

"सतरा दोनशे," तो म्हणाला. "म्हणजे सतरा आणि दोनशे. दोनशे सतरा."

वेणी घालताना मी ऋजूकडून ओळी पाठ करून घेतल्या होत्या. अर्थ कधी सांगितला नव्हता. 'सतरोदरसे' म्हणजे शंभरावर सतरा, हे मला नानांनी सांगितलं होतं. मी गृहीत धरलं की तिला ते कळतं. तिने ते आपल्या कानाने जुळवलं: सतरा-दोनशे. ऐकणाऱ्या मोठ्यांना जुना शब्द ऐकू येत होता, म्हणणाऱ्या मुलांच्या मनात दुसरीच संख्या होती, आणि चौदा महिने ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हे परिपाठातून पसरलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. एक मूल मोठ्याने म्हणतं, बाकीची मागून म्हणतात. यात अशक्य काही नाही.

मग पहिलीच्या वर्गावरून जाताना दारातल्या एका चिमुरडीने माझ्याकडे वर पाहिलं. मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"शाममाऊ," ती म्हणाली, "आज डबा नाही आणला?"

कुठल्याही बाईला मुलं मावशी म्हणतात, त्यात नवल नाही. माझं नाव शाल्मली. ऋजू दोन वर्षांची असताना तिला 'शाल्मली मावशी' म्हणता येईना, म्हणून तिने स्वतःपुरतं 'शाममाऊ' केलं होतं. शाळेत मी सगळ्यांना 'कुदळे मॅडम' म्हणून माहीत होते. ऋजूला बजावलं होतं की शाळेत मला ओळख दाखवायची नाही, आणि तिने ती दाखवली नव्हती.

माझा चेहरा कसा झाला असेल कुणास ठाऊक. चिमुरडीच्या मागे बाकांवर अठ्ठावीस मुलं होती. ती सगळी एकदमच थोडी हिरमुसली.

*

लयदीपांची नोंदवही संगणकावर असते. पासवर्ड तांबोळी बाईंच्या टेबलाच्या काचेखाली होता. सगळे श्वास एका पट्टीवर आणायचे तर आधी पट्टी ठरवावी लागते. यंत्र स्वतःच ती ठरवतं. साऱ्या शाळेत ज्या मुलाचा श्वास सगळ्यात नियमित, ते मूल आधाराला घ्यायचं आणि बाकीच्यांना त्याच्याकडे वळवायचं. दिवे बसवणाऱ्या लोकांनी त्या मुलाला नाव दिलं होतं 'सा'. रोज सकाळी यंत्र नव्याने निवड करतं. मी चौदा महिन्यांच्या नोंदी उतरत्या बघत गेले. शाळेचे दोनशे त्र्याऐंशी दिवस. दोनशे त्र्याऐंशी दिवशी 'सा' एकच होता: गेल्या वर्षी दुसरी ब, यंदा तिसरी ब, दुसरी रांग, चौथा बाक.

श्वास घ्यायचा, चार मोजायचे, ओळ म्हणायची. सातव्या वर्षी इतका नियमित श्वास दुसऱ्या कुठल्या मुलाचा असणार?

*

ताई कोथिंबीर निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, काड्या वेगळ्या काढत.

"म्हणजे आमची ऋजू शाळेत पहिली आहे, असंच ना?"

"ताई, पहिली नाही. शाळेत दुसरं कुणी उरलंच नाहीये. पहिलीतल्या मुलीला माझं नाव माहीत आहे."

"तूच कधीतरी बोलली असशील. पोरं ऐकतात."

"आणि ते दोनशे सतरा?"

"एक पाढा चुकला म्हणून दिवे काढायचे?" तिने जुडी खाली ठेवली. "शालू, अकरा दिवस माझी पोरगी वर्गात बसून गैरहजर होती. अकरा दिवस! घरी येऊन मला म्हणाली, आई, मी दिसत नाही का गं? तेव्हा तू लायब्ररीत होतीस. मी होते इथे."

तिने जुडी पुन्हा उचलली.

"तुझं संशोधन होईल. तुला दुसरी नोकरी मिळेल. तिचा आवाज काढून घेऊ नकोस."

आतल्या खोलीत ऋजू चित्र रंगवत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "शाळेत कसं वाटतं गं तुला?"

"छान," ती म्हणाली. जरा विचार करून पुढे म्हणाली, "पण तिथे मला कुणी काही विचारत नाही, शाममाऊ. सगळ्यांना आधीच माहीत असतं."

त्यावर मी ठरवलं.

अहवालात मी लिहिलं की लयदीप बंद करावेत आणि शाळा चार विलीन करू नये. परिणाम किती दिवसांत ओसरेल, याचं गणितही जोडलं. देवकुळे साहेबांनी दोनदा वाचलं.

"एक्क्याण्णव टक्के आलेत, आणि तुम्ही बंद करा म्हणताय. वर काय सांगू मी?"

"एक चूक एकशे सेहेचाळीस जणांनी केली, असं सांगा. उद्या एकशे सेहेचाळीस जण एकदम आजारी पडले, घाबरले, तर?"

'घाबरले' या शब्दावर ते थांबले. दिवाळीची सुट्टी सोळा दिवसांची होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी दिवे बंद करायचे आणि पुढचा निर्णय होईपर्यंत साधे दिवे वापरायचे, असा आदेश निघाला. "तुमच्या गणिताने ओसरायला किती दिवस?" त्यांनी सही करताना विचारलं.

"चार."

लयदीपांचे फ्यूज तांबोळी बाईंनी माझ्यासमोर काढून कपाटात ठेवले.

*

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी ऋजू अडखळली. "शा-शाममाऊ." मग रोज. ताई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. फराळाचं ताट माझ्यापुढे ठेवताना ती ते जरा आपटायची.

ऋजू मात्र गल्लीत खेळत होती. पोरांनी किल्ले बांधायला घेतले होते. शाळा दोनची होती, एकची होती, गावठाणातून शाळा चारचीही आली होती. माती एकाच ढिगाऱ्यातून न्यायची, अळीव एकाच पुडीतून पेरायचे. मी एका संध्याकाळी किल्ले मोजले. आमच्या गल्लीत चार, मागच्या गल्लीत दोन, गावठाणात तीन. एकूण नऊ. नऊही किल्ल्यांची वाट डावीकडून वर चढत होती, आणि प्रत्येक दरवाज्यावर पहारेकरी एकच, तोही पाठमोरा. ऋजूच्या किल्ल्यावरचा पहारेकरी पाठमोरा होता, कारण त्याचं तोंड मागच्या वर्षी तुटलं होतं.

पोरं एकमेकांचं बघून करतात, असं मी वहीत लिहिलं.

त्या रात्री झोपताना एक प्रयोग आठवला, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्रात केलेला. एका भिंतीवर दोन लंबकाची घड्याळं टांगायची. सुरुवातीला दोघांची टिकटिक वेगळी. दोन-तीन दिवसांनी लंबक एकमेकांशी जुळतात. भिंतीतून जाणारा अगदी बारीकसा हादरा त्याला पुरतो. सरांनी तेव्हा विचारलं होतं, "एकदा जुळल्यावर त्यांना जुळवणारा कुणी लागतो का?" आम्ही म्हणालो होतो, नाही सर. भिंत पुरते.

माझ्या गणितात मी भिंत धरली नव्हती.

*

सुट्टीनंतरचा पहिला दिवस, सकाळी साडेसात. शाळा दोन, तिसरी ब. छताला लयदीप तसेच होते, विझलेले. खिडक्यांतून उजेड येत होता. मी मागच्या बाकावर ध्वनिमुद्रक घेऊन बसले. ऋजूचा हजेरी क्रमांक एकोणीस. तिची मान खाली होती आणि दोन्ही हात बाकाखाली. रस्त्यात ताईने तिला तीनदा सांगितलं होतं, घाई करू नकोस, बाई थांबतील. बाई थांबल्या नाहीत तर मी थांबवणार होते.

"क्रमांक एक," बाई म्हणाल्या. "अद्वैत."

"ह... जर," अद्वैत म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. "क्रमांक दोन."

"ह... जर."

तीन. चार. पाच. कुणी हसलं नाही. कुणी कुणाकडे बघितलं नाही. ऋजूने अजून तोंड उघडलेलं नव्हतं. अठरा मुलं तिच्याआधी, अठरांचाही 'ह' अडकला आणि तेवढ्याच वेळाने सुटला. मग तिचं नाव आलं. तिने मान वर केली.

"ह... जर."

बाईंनी तिच्या नावापुढे खूण केली. विसाव्या नावाने तसंच उत्तर दिलं.

मधल्या सुट्टीत ऋजू पळत माझ्याकडे आली. ओळख दाखवायची नाही हे विसरली होती. "शाममाऊ, आ-आज कुणी हसलं नाही," ती म्हणाली. "आज मी सगळ्यांसारखीच होते." तिचा चेहरा इतका आनंदी मी दोन वर्षांत पाहिला नव्हता.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि रिक्षा करून गावठाणात गेले. शाळा चारमध्ये लयदीप कधीच बसवले नव्हते. खरात गुरुजींच्या वर्गात दुपारची हजेरी व्हायची होती. "तिन्ही खोल्यांतली मुलं एकत्र बसवा," मी म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता बसवली. खिडकीबाहेर खार होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी ध्वनिमुद्रक सुरू केला.

शाळा क्रमांक दोन, तिसरी ब, क्रमांक एकोणीस: 'ह' आणि 'जर' यांमधलं अंतर ०.६२ सेकंद.

शाळा क्रमांक चार: पट एकसष्ट, उपस्थित अठ्ठावन्न. 'ह' आणि 'जर' यांमधलं अंतर किमान ०.६२ सेकंद, कमाल ०.६२ सेकंद.